पैठणीची नक्कल: डोळ्यांची आणि हातांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लगीनसराई तोंडावर आली की वाचकपत्रांत एक तक्रार हमखास येते: बाजारात नकली पैठणीचा सुळसुळाट झाला आहे, सरकारने नकलेवर बंदी घालावी. तक्रारीतला राग खरा आहे. हातमागाची म्हणून घेतलेली साडी यंत्रमागाची निघाली, तर वर्षभर बाजूला टाकलेले पैसे पाण्यात जातात. पण या पत्रांतून ‘नक्कल’ हा शब्द सरसकट शिवीसारखा वापरला जातो, त्याबद्दल थोडे लिहावेसे वाटते. नक्कल वजा केली तर पैठणी शिल्लकच राहत नाही.

विणकर तयार कसा होतो, इथूनच सुरुवात करू. मागावर बसायच्या आधी शिकाऊ मुलाला कांड्या (धागा गुंडाळायच्या छोट्या नळ्या) भरायला बसवतात. काम किरकोळ दिसते, पण अर्धे शिक्षण त्यात असते. कांडी सैल भरली तर विणताना धागा एकदम सुटतो आणि कापडावर बारीक फास उभे राहतात. घट्ट भरली तर धागा ओढताना तुटतो. किती ताण द्यायचा हे आकड्यात सांगता येत नाही, शेजारी बसलेल्याच्या बोटांकडे बघूनच कळते. मग तुटलेला धागा सांधणे, मग साडीचे साधे अंग विणणे, मग बुट्टी, मग काठ आणि सगळ्यात शेवटी पदर. प्रत्येक पायरीवर वस्तादाचा हात पुढे आणि शिकणाऱ्याचा मागे. पदराला हात लावेपर्यंत वर्षे जातात, आणि त्या सगळ्या काळात शिकाऊ माणसाकडून नवे काही करण्याची कुणाची अपेक्षाही नसते.

पदराचे विणकाम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. साध्या कापडात बाण्याचा, म्हणजे आडवा, एकच धागा धोट्यातून या काठापासून त्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात तसे नसते. जमीन जरीची आणि नक्षी रेशमाची, आणि नक्षीतला प्रत्येक रंग आपल्या हद्दीपुरताच जातो. जरीची कांडी मोराच्या मानेपर्यंत येते. तिथे मानेच्या निळ्या धाग्याला, ताण्याच्या (उभ्या) त्याच दोन धाग्यांमधल्या जागेत, एक आढी घालते, म्हणजे त्यात अडकते, आणि थांबते. पुढे निळा धागा मानेच्या दुसऱ्या कडेपर्यंत जातो, तिथे पुढच्या जरीशी आढी. असे करत एक ओळ पूर्ण झाली की फणीचा ठोका. एका मोरात सहा रंगपट्टे धरले आणि पदराच्या रुंदीत आठ मोर, तर रंगाच्याच 48 कांड्या एका वेळी लोंबत असतात. मधल्या जरीच्या वेगळ्या. दाट नक्षीचा पदर दिवसाला बोट-दोन बोटे पुढे सरकतो, याचे कारण हेच.

यात चुका कुठे होतात? आढी घालायची राहिली आणि तीच चूक चार ओळी चालली, तर दोन रंगांमध्ये उभी भेग पडते. आढी घातल्यावर धागा जास्त ओढला, तर ताण्याचे धागे एकमेकांजवळ सरकतात, पदर अंगापेक्षा अरुंद होतो आणि काठ लाटेसारखा वरखाली दिसतो. कमी ओढला, तर पृष्ठभागावर फास सुटतात. जरीची आणि रेशमाची जाडी जुळली नाही, तर दोन्हींच्या ओळी सारख्या बसत नाहीत आणि मोराभोवती कापड फुगते. यातली एकही चूक साडीच्या फोटोत दिसत नाही, आणि दुरुस्तीही फोटो बघून जमत नाही. ती मागावर, दुसऱ्याच्या हाताकडे बघून शिकावी लागते. म्हणून नकलेत दोन जाती कराव्याशा वाटतात: डोळ्यांची नक्कल आणि हातांची नक्कल. पहिली वस्तूचे रूप उचलते, दुसरी ती घडवण्याची रीत. तक्रार करणारी पत्रे दोन्हींना एकाच दावणीला बांधतात.

हातांच्या नकलेतून नवे कसे निघते, याचे एक उदाहरण आलेखाच्या कागदावर बघता येईल. समजा, एका जुन्या पदरातला मोर 120 ताणे रुंद आणि 120 ओळी उंच आहे, आणि त्या मागावर इंचाला 80 ताणे आणि 80 ओळी बसत होत्या. मोर दीड इंच रुंद, दीड इंच उंच, सुबक. आता दुसऱ्या विणकराने धागे मोजून तो जसाच्या तसा उतरवला, पण त्याच्या मागावर इंचाला ताणे 80 आणि जरीचा धागा जाड असल्याने ओळी 60 बसतात. रुंदी दीड इंचच राहिली, उंची मात्र दोन इंच झाली. मोर लांबुडका झाला, मान बगळ्यासारखी. मोर जुन्या मापात आणायचा तर 30 ओळी गाळायला हव्यात. कोणत्या? पिसाऱ्यातल्या गाळल्या तर पिसारा आखूड, मानेतल्या गाळल्या तर मान तुटकी, डोळ्याजवळच्या गाळल्या तर डोळाच जातो. इथे नक्कल करणाऱ्याला ठरवावे लागते. त्याने ठरवले की मोर त्याचा झाला, आणि पुढचा शिकाऊ तोच मोर मूळ समजून मोजायला लागतो. एकाच ‘बांगडी मोरा’ची (बांगडीसारख्या गोलातल्या मोराची) इतकी रूपे दिसतात, त्यामागे प्रतिभेइतकाच हा हिशेबही आहे.

तसे पाहिले तर पैठणीच्या नक्षीत अस्सल घरचे म्हणावे असे शोधायला गेलो तर हाती फार लागत नाही. कमळ अजिंठ्याच्या भिंतींवरचे म्हणून ओळखले जाते. असावलीची फुलवेल मोगलाईतल्या नक्षीच्या नात्यातली. हुमा परिंदा या पक्ष्याचे नावच फारसी. येवल्याने ही कला पैठणकडून घेतली, आणि आज पैठणी म्हटले की लोक आधी येवल्याची गाडी पकडतात.

पैठणहून तासा-दीड तासावर, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तर नकलेचे नावच कापडाला मिळाले आहे. हिमरू हे कापड किनखापाची नक्कल म्हणून जन्माला आले. किनखाप म्हणजे रेशमावर सोन्याचांदीच्या तारांचे विणकाम, राजेरजवाड्यांच्या अंगावरचे. ते परवडत नव्हते त्यांच्यासाठी विणकरांनी ताणा सुताचा घेतला आणि नक्षी रेशमाच्या जादा बाण्याने काढली. ‘हिमरू’ या शब्दाचा उगम ‘सारखा दिसणारा’ अशा अर्थाच्या फारसी शब्दात सांगितला जातो. म्हणजे विणकराने नक्कल लपवली नाही, तिचीच पाटी लावली. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा कारागीर आले आणि त्यांच्याबरोबर ही कला आली, अशी परंपरा आहे.

गंमत पुढे आहे. स्वस्ताईसाठी केलेल्या या तडजोडीतून असे गुण निघाले, जे मूळ किनखापात नव्हते. हिमरूत नक्षीचा रेशमी धागा जिथे वर दिसायचा नाही तिथे मागच्या बाजूने सैल वाहतो. या सैल धाग्यांचा मागे एक थर तयार होतो, त्यात हवा अडकते, आणि कापड ऊबदार आणि मऊ होते. किनखाप धातूच्या तारांमुळे जड आणि कडक. हिमरूची शाल अंगाला लपेटून बसता येते. सुताच्या ताण्यामुळे टिकाऊपणाही आला. आज हिमरूला कुणी ‘नकली किनखाप’ म्हणत नाही. उलट यंत्रमागावर काढलेल्या स्वस्त शालींना लोक ‘नकली हिमरू’ म्हणतात. नकलेची नक्कल झाली आणि मधली पायरी अस्सल ठरली.

आता घेणाऱ्यांकडे वळू, कारण विणकराइतकेच नक्कल करणारे तेही असतात. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे आयुष्यभर अमेरिकेत शिकवलेले विचारवंत रने जिरार (1923–2015) यांनी 1961 साली एक गोष्ट मांडली: माणूस वस्तू हवीशी वाटते म्हणून ती मागत नाही, ती दुसऱ्या कुणाला तरी हवी आहे हे बघून मागतो. हवेपणाला दोन टोके नसतात, तीन असतात: मागणारा, वस्तू आणि ज्याच्याकडे बघून मागितले तो. त्यांनी आणखी एक भेद केला, आणि साडीच्या दुकानात तो अगदी चोख लागू पडतो. ज्याच्याकडे बघून मागितले तो दूर असेल, म्हणजे वेगळ्या काळातला किंवा वेगळ्या पायरीवरचा, तर भांडण होत नाही. तो जवळ असेल तर तोच प्रतिस्पर्धी होतो.

थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणहून असावलीचे दुपट्टे रंग सांगून मागवले होते. पेशव्यांच्या घरात जे गेले ते सरदारांच्या घरात हवे झाले, सरदारांचे सावकारांना. पण सावकाराच्या सुनेने शनिवारवाड्याशी स्पर्धा केली नाही. आदर्श दूर होता. आज आदर्श जवळ आला आहे. टीव्हीवर खेळ जिंकून पैठणी नेसलेली बाई आपल्यासारखीच असते, आपल्याच वाडीतली शोभावी अशी. चुलत जावेच्या मुलीच्या लग्नातला फोटो तर खिशातच असतो. त्यामुळे दुकानात मागणी येते ती ‘एक चांगली पैठणी दाखवा’ अशी येत नाही. मोबाइल पुढे येतो आणि बोट ठेवले जाते: हाच रंग, हाच काठ, आणि पदर याच्यापेक्षा एक ओळ मोठा. त्या ‘एक ओळ मोठा’मध्ये जिरार पुरते आले!

फोटोवरून साडी विणून मागण्यात एक तांत्रिक खड्डा आहे आणि त्यात गिऱ्हाईक आणि विणकर दोघेही पडतात. पारंपरिक पैठणीच्या अंगात बहुतेकदा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, धूपछाव. लाल ताण्यात निळा बाणा टाकला की जांभळा दिसतो, पण तो जांभळा हलतो: घडीच्या वर लालसर, आत निळसर. कॅमेरा त्यातला एकच क्षण पकडतो. त्या फोटोवरून रंगाऱ्याने सपाट जांभळा रंगवला आणि ताणा-बाणा दोन्ही त्याच रंगाचे लावले, तर साडी फोटोसारखी होते आणि नेसल्यावर मेलेली दिसते. त्यात कच्च्या रेशमावरचा डिंक साबण-सोड्याच्या पाण्यात नीट उकळून काढला नसेल (एक किलो रेशीम उकळल्यावर साधारण 750 ते 800 ग्रॅम उरायला हवे), तर रंग ठिकठिकाणी वेगळा चढतो. ‘फोटोसारखा रंग आला नाही’ म्हणून साडी परत येते. खरे तर नक्कल फोटोची झाली, ती साडीची व्हायला हवी होती. असा फोटो आला की आधी विचारावे, ‘ताणा कोणता, बाणा कोणता?’ उत्तर मिळत नसेल तर मूळ साडी बघायला मागवावी.

एक उलटी नक्कलही चालू आहे, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. हाताने आढ्या घालून विणलेली नक्षी पायऱ्या-पायऱ्यांची असते, कारण प्रत्येक वळण ताण्याच्या धाग्यावरूनच घ्यावे लागते. यंत्रमागावर बारीक धाग्याने आणि जॅकार्डने (नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेने) काढलेला मोर गुळगुळीत गोल येतो. गिऱ्हाइकांचे डोळे आता त्या गोलाईला सरावले, आणि हातमागाचा विणकर तसाच गोल मोर काढायच्या मागे लागला आहे. त्यासाठी तो संगणकावरून आलेख काढून आणतो, नक्षी बारीक करतो, दिवस वाढतात, डोळे जातात, आणि शेवटी माल दिसतो यंत्रमागासारखा. पायरीदार मोर ही हाताची सही आहे. ती पुसायला विणकर स्वतःच पैसे आणि वेळ घालवतो आहे. मूळ वस्तूने आपल्याच नकलेची नक्कल करावी, याहून वाईट वळण मला तरी दिसत नाही. ज्यांना पैठणी वाचवायची आहे त्यांनी याच्याकडे बघावे.

राहिला मुद्दा फसवणुकीचा. यंत्रमागाच्या पैठणीला बाजारात ‘सेमी’ म्हणतात, आणि ‘सेमी’ म्हणून सेमीच्या किमतीत ती विकली तर त्यात पाप काही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, हळदीकुंकवाला, रोजच्या नेसण्याला ती हिमरूचेच काम करते. गुन्हा घडतो तो ‘सेमी’ हा शब्द पाटीवरून गळतो तेव्हा. ओळखायचे कसे, हे आता पुष्कळांना माहीत आहे: पदर उलटा करून बघा. हाताने आढ्या घातलेल्या पदरात मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. यंत्रमागाच्या पदरात मागे आडवे वाहते धागे असतात, किंवा ते कापलेले असतात, किंवा ते झाकायला मागे जाळी लावलेली असते. पण ही कसोटी पदरालाच लावावी. अंगभर नक्षी असलेली ब्रोकेड पैठणी हातमागावरही जॅकार्ड बसवून विणतात, तिच्या अंगात मागे धागे असणारच. ते बघून चांगल्या विणकराला खोटे ठरवल्याचे प्रकार होतात.

जरीचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत. असली जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. हाफ-फाइन किंवा टेस्टेड म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. खरवडली की लाल तांबे दिसते. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टरच्या चमकत्या पट्टीची. तिचा सुटा धागा जाळला की वितळून कडक गोळी होते. रेशमाचा धागा जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. आज हातमागाच्या उत्तम पैठणीतही पुष्कळदा टेस्टेड जर असते आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते सांगितले पाहिजे.

शिक्क्यांबद्दल मात्र मोठा घोळ आहे. 2004 पासून असलेले सिल्क मार्क एवढेच सांगते की रेशीम शुद्ध आहे. साडी कोणत्या मागावर विणली, याबद्दल ते मौन पाळते. यंत्रमागावरची शुद्ध रेशमी साडी सिल्क मार्क लावून विकली तर ती खोटी नाही, पण गिऱ्हाईक तो शिक्का ‘असली पैठणी’ म्हणून वाचते. 2006 पासूनचे हँडलूम मार्क मागाबद्दल सांगते, रेशमाबद्दल नाही. आणि पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, मोराचे नाही. मोर, मुनिया, कोयरी कुणाच्या मालकीचे नाहीत आणि होऊही नयेत. शेजारच्या विणकराने मोर काढला म्हणून पहिल्याने कोर्टात जायची वेळ आली, तर वर सांगितलेला लांबुडका मोर आणि त्याची सगळी भावंडे जन्मालाच आली नसती.

हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा 1985 पासून आहे. सुरुवातीला 22 प्रकार राखीव होते, ते पुढे 11 वर आले; त्यात साडी आहे. म्हणजे बंदी मागणाऱ्यांना कायदा आधीच मिळालेला आहे. पण तपासणीस दुकानात उभा राहून कापड बघून ‘हे हातमागाचे, हे यंत्रमागाचे’ असे ठरवतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे त्यात जाणकारही चुकतात. माल एकदा दुकानात पोचला की वाद फक्त मताचा उरतो.

त्यापेक्षा एक साधी मागणी आहे. पैठणी या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक साडीच्या बिलावर चार रकाने छापलेले असावेत: ताणा-बाणा कशाचा, जर असली, टेस्टेड की प्लास्टिक, अंग हातमागाचे की यंत्रमागाचे, आणि पदर आढीचा की जॅकार्डचा. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण अंग हातमागाचे आणि पदर जॅकार्डचा असा माल ‘हातमाग’ या एका शब्दाखाली सर्रास खपतो. रकाना भरून सही करणाऱ्या दुकानदाराला ग्राहक आयोगात तोच कागद उत्तर द्यायला लावेल. यासाठी कारागिरांची नवी संघटना नको, नवे मानांकन नको. येवला, पैठण आणि पुण्या-मुंबईच्या दुकानदारांनी या लगीनसराईत बिलाची पुस्तके नव्याने छापून घेतली तरी पुरे.

एक वाचक,
येवला (जि. नाशिक)